काढलेल्या चार ओळी

९ जानेवारी

प्रिय बेबी,

अक्षर बघून दचकलीस ना? एवढी ढोबळी अक्षरं मी पाटीवरसुद्धा काढली नव्हती. माझे डोळे गेलेत. सगळे नाही, मधलं तेवढं गेलंय. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. जाड पेनानं लिहितो आणि ओळ उतरली की तुझी वहिनी मनगट धरून वर आणते. फोन करणार होतो, पण फोनवर तू 'हं' म्हणशील, मी 'बरं' म्हणेन आणि तिथंच सगळं आटपेल. नऊ वर्षांपूर्वी तुझी आई, माझ्या मामी, गेल्या तेव्हा आपण भेटलो होतो. त्यानंतर दोन लग्नपत्रिकांखेरीज काही नाही.

कामाचं सांगतो. आपलं त्रैमासिक बंद करतोय. 'आपलं' मुद्दाम म्हटलं. पहिल्या अंकाची रॅपरं तूच चिकटवली होतीस आणि खळ जास्त झाली म्हणून निम्मे अंक एकमेकांना चिकटले होते, आठवतं? छत्तीस वर्षं झाली. बत्तीस पानांत कविता सोडून काही छापलं नाही, ना जाहिरात, ना कुणाचा सत्कार. पण प्रूफं वाचता येत नाहीत तो संपादक कसला? वहिनी वाचून दाखवते, पण ती स्वल्पविराम वाचत नाही. आणि कवितेत काही वेळा तेवढाच ऐवज असतो.

जूनमधला अंक शेवटचा. दरवर्षीची एक, अशा छत्तीस कविता निवडल्यात. पाचव्या वर्षाची तुझी आहे, 'धाकटा'. एकतीस वर्षं झाली तरी लोक विचारतात, या बाईंचं पुढे काय झालं? मी सांगतो, संसारात पडल्या. तुझी परवानगी हवी. कार्डावर नुसतं 'हो' लिहिलंस तरी चालेल.

वहिनी विचारते आहे, अजून शिवणाचे वर्ग घेतेस का?

तुझा,
दादा


२७ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. चांगल्या डॉक्टरला दाखवलंस ना, की तिथंही स्वतःचंच खरं केलंस?

वर्ग चालू आहेत. सकाळच्या तुकडीत अकरा बायका आणि एक निवृत्त कारकून. त्यांना बायकोनं पाठवलंय, घरात पायात येतात म्हणून. सगळ्यांत सरळ शिवण त्यांचीच. मी कटिंग शिकवते. पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, कापड कापायच्या आधी ज्याचं आहे त्याला विचारा. शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही.

आता कळलं असेल मी कुठे चालले आहे.

'धाकटा' छापायला माझी ना नाही. पण मी लिहिली तेवढी, सगळी छापायची. तू शेवटच्या चार ओळी काढल्या होत्यास. मला विचारलं नव्हतंस. अंक आला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मी तिला म्हटलं, ये, आपल्या धाकट्यावर, टिल्लूवर लिहिलेलं छापून आलंय. तिला बसवलं, मोठ्यानं वाचायला लागले आणि शेवटाला आले तर शेवटच नाही. मला वाटलं पान उलटायचं राहिलं. उलटलं तर कुणा दुसऱ्याची पावसावरची कविता. आई म्हणाली, "संपली?" मी म्हटलं, "हो."

तुला जाब विचारला तेव्हा तू दोन ओळींचं कार्ड पाठवलंस, ओळी ढिल्या होत्या, कविता आता जास्त उभी राहते. तू संपादक, मोठा आतेभाऊ, शिकलेला. मी गप्प बसले. त्यानंतर मी कविता लिहिली नाही. संसारात पडले म्हणून नव्हे. संसारात तर तेव्हा कधीचीच पडले होते. पोराला मांडीवर झोपवूनच ती कविता लिहिली होती. लिहायला बसले की वाटायचं, यातलं कुठलं ढिलं असेल? मग सगळंच ढिलं वाटायचं.

त्या ओळी तुझ्याकडे नसतील तर या घे. मला तोंडपाठ आहेत.

हात त्याचे ग्रीसचे, कागद त्याला परका,
एक ओळ कधी त्यानं लिहिली नाही;
म्हणून माझ्या वहीतलं हे अर्धं पान
त्याच्या न लिहिलेल्याला देते आहे.

वहिनीला नमस्कार.

बेबी


८ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र वहिनीनं दोनदा वाचून दाखवलं. तुझं लिहिणं त्यामुळे थांबलं याची मला कल्पना नव्हती. मामींना तू वाचून दाखवलीस हे तर आज कळलं.

पण थोडं शांतपणे ऐक. कविता एकदा छापली की ती लिहिणाऱ्याची राहत नाही. 'धाकटा' लोकांच्या ओळखीची झाली ती आहे त्या रूपात. 'सायकलची घंटा वाजते आणि दारात कुणीच नसतं' इथे ती थांबते आणि वाचणारा त्या दारात उभा राहतो. पुढच्या चार ओळींत तू त्याला हाताला धरून घरात नेतेस. भावना खरी आहे, पण तू तेव्हा भरात होतीस. शिवाय पानाची अडचण आहे. प्रत्येकाला एकच पान देतोय आणि तुझी कविता त्यात बेतास बात बसते.

हवं तर खाली टीप देतो, मूळ कवितेत आणखी चार ओळी होत्या. तेवढ्यावर समाधान मान.

काढ्यानं डोळे बरे होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. महिनाभर पिऊन पाहिला, फक्त पोट बिघडलं.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

टीप कसली देतोस? औषधाच्या बाटलीवर देतात तशी?

मी तुला लहानपणापासून ओळखते. खरं बोलताना तू एक कारण देतोस. या खेपेला तीन दिलीस, लोक, भावना आणि पान. म्हणजे चौथं काहीतरी आहे. काय आहे ते सांग.

त्या ओळी कशासाठी होत्या ते आता ऐक. टिल्लूनं सायकलच्या दुकानातलं काम सोडलं होतं. त्या संध्याकाळी बाबा त्याला घालूनपाडून बोलले. "कमवायची अक्कल नसेल तर तोंड दाखवू नकोस," म्हणाले. सकाळी उठून पाहिलं तर हा नाही. नंतर तीन कार्डं आली, तीही माझ्या पत्त्यावर. पुलाच्या कामावर आहे, खुशाल आहे, बाकी काही नाही. सातव्या महिन्यात पुलाची परांची कोसळली आणि तो गेल्याची तार आली. आईनं बाबांना एवढंच म्हटलं, "तुम्ही घालवलंत त्याला." त्यांनाही तेच वाटत होतं. पुढे अकरा वर्षं, बाबा जाईपर्यंत, ती दोघं एका घरात राहिली, एका टेबलाशी जेवली, पण बोलली नाहीत. मी माहेरी गेले की मधे बसायचे. आई म्हणायची, "त्यांना विचार भाजी हवी का." आणि बाबा तीन फुटांवर.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच विचारायची, जायच्या आधी तुला काही बोलला होता का? काही ठेवून गेला का? कुणाकडेच काही नव्हतं. म्हणून मी त्या ओळी लिहिल्या. तो काही ठेवून गेला नाही, लिहिण्याचं त्याला वावडं होतं, तर त्याच्या वतीनं मी ठेवते, एवढंच. आईला ते ऐकवायचं होतं. बाकीची कविता नुसती त्या चार ओळींपर्यंत जायची वाट होती. तू वाट ठेवलीस आणि घर पाडलंस.

पुरी छापणार असशील तर छाप. नाहीतर माझं नाव काढ.

बेबी


२ एप्रिल

बेबी,

सहा आठवडे हे पत्र लिहितो आहे. आधीचे तीन कागद फाडले. हे मी वहिनीला सांगून लिहून घेतोय, कारण हात चालत नाही. म्हणजे तिलाही हे आजच कळतंय. एकतीस वर्षांत मी तिलाही सांगितलं नव्हतं.

चौथं कारण आहे. त्या चार ओळी ढिल्या होत्या म्हणून मी काढल्या नाहीत. त्या खोट्या होत्या म्हणून काढल्या. टिल्लू लिहीत होता.

घर सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी तो कचेरीत आला होता. बुकबाइंडरच्या दुकानावरची खोली तुला आठवत असेल, जिना चढताना डोकं आपटायचं. ताडमाड वाढलेला, त्याचं आपटलंच. नावाला टिल्लू. मी प्रूफं तपासत होतो, अंक दुसऱ्या दिवशी छापायला जायचा होता. त्यानं शर्टाच्या आतून एक शंभर पानी वही काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला, "दादा, बघतोस का?" मी म्हटलं, हे काय, तू पण? तो लाजला. म्हणाला, ताईला सांगू नकोस, ती खरी लिहिणारी, ती हसेल.

मी तीन कविता वाचल्या. चंद्र, विरह, काळीज. सगळं दुसऱ्यांचं ऐकलेलं. चौथं पान उलटलं नाही. वही मिटली आणि म्हणालो, "टिल्लू, पाना छान चालवतोस. तेच कर." आणि हसलो. तोही हसला. वाईट वाटल्याचं त्यानं दाखवलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "राहू दे इथे. वेळ झाला की पुढचं बघ."

दुसऱ्या दिवशी तो निघून गेला आणि मला खात्रीच झाली की माझ्या बोलण्यानं गेला. मग तार आली. मी तुमच्याकडे आलो, मामींनी मलाही विचारलं, तुला काही बोलला होता का? मामा कोपऱ्यात बसले होते, खाली मान घालून. मी त्यांच्याकडे बघितलं आणि "नाही," म्हणालो.

बेबी, मामांनी दोष घेतला होता आणि मी त्यांना तो घेऊ दिला. आयता मिळाला म्हणून. नंतर प्रत्येक वर्षी वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वर्षी सांगणं आणखी अवघड व्हायचं. मामा गेले तेव्हा वाटलं, आता सांगून काय. मामी गेल्या तेव्हाही तेच.

तुझी कविता आली आणि शेवटी वाचलं, 'एक ओळ कधी त्यानं लिहिली नाही.' वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. ती ओळ मला छापवेना आणि खरं सांगवेना. मी चारही ओळी काढल्या आणि तुला लिहिलं, ढिल्या आहेत.

वही रजिस्टरनं पाठवतोय. त्या दिवसानंतर मी ती उघडलेली नाही. हिंमत झाली नाही.

दादा

(वहिनीकडून: बेबी, तू वाचून घे, मग आपण दोघी बोलू.)


३० एप्रिल

बेबी,

पोचपावती परत आली, तुझ्या सहीची. म्हणजे वही मिळाली. काहीतरी लिही. वाटेल ते लिही.

अंक थांबवून ठेवलाय.

दादा


२४ मे

दादा,

वही मिळाली त्या दिवशी मी वर्ग सोडून दिला. त्यानंतर आठवडाभर ती तशीच टेबलावर होती. मग म्हटलं, एकानं तीस वर्षं उघडली नाही, आता दुसरीनंही नको उघडायला? वाचली. पहिल्यांदा नुसतं अक्षर बघितलं. 'र' तो उलटा काढायचा, मारून मुटकून शिकवला तरी. तसाच आहे.

सत्तावीस कविता आहेत. तू तीन वाचल्यास.

बाविसावी तुला लिहून पाठवते. बाकीच्यांच्या झेरॉक्स सोबत आहेत, मोठ्या करून आणल्यात. वही मी परत देणार नाही. बाविसाव्या कवितेवर तारीख आहे, तो तुझ्याकडे आला त्याच्या चार दिवस आधीची.

आई, जायचं ठरून पंधरा दिवस झाले.
बाबा ओरडतील त्या दिवशी निघेन,
ते गप्प राहिले तर माझा पाय निघायचा नाही.
नदीवर अर्धा पूल उभा आहे म्हणतात.
तो बघायचा आहे.
उरलेला अर्धा करायचा आहे.

कळलं का तुला? तो तुझ्यामुळे गेला नाही. बाबांमुळेही नाही. त्याचं काम ठरलेलं होतं, म्हणूनच सायकलचं दुकान सोडलं होतं. बाबा ओरडायची तो वाट बघत होता, कारण त्याशिवाय त्याला घरातून निघवलं नसतं. तो पूल बघायला गेला, दादा. खुशीनं गेला.

हे कपाटात होतं. आई-बाबा एका टेबलाशी न बोलता जेवत होते तेव्हा कपाटात होतं. बाबा शेवटच्या आजारात भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोराला मी घालवलं." ते मी ऐकलं. तेव्हाही कपाटात होतं. तू तुमच्या घरून फळं घेऊन भेटायला आला होतास.

तू 'नाही' म्हणालास हे मी एक वेळ समजू शकते. तरुण होतास, घाबरलास. ज्याला आपण मारलं असं वाटतं त्याची वही उघडवत नाही, हेही समजते. पण तू संपादक आहेस. छत्तीस वर्षं लोकांच्या वह्या वाचतोस. माझ्या भावानं तुला सांगितलं होतं, पुढचं बघ. तू बाविसाव्या पानापर्यंत गेला असतास तर तुझंही आयुष्य सुटलं असतं आणि आमचंही. तू न वाचताच स्वतःला दोषी ठरवलंस, आणि न वाचताच बाबांना.

रडून झालंय. आता दोन कामं आहेत.

पहिलं. 'धाकटा' तू कापलीस तशीच छाप. त्या चार ओळी खोट्या आहेत, हे तुझं बरोबर होतं. पण या खेपेला त्या तू काढलेल्या नाहीत. मी काढल्यात.

दुसरं. टिल्लूच्या कविता छापायच्या नाहीत. तो गेलाय म्हणून त्याला दयेनं जागा नको. पण त्यानं तुला वाचायला दिल्या होत्या आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. सत्तावीसच्या सत्तावीस वाच, वहिनीकडून वाचून घे, आणि एखाद्या नव्या कवीला लिहितोस तसं त्याला पत्र लिही. खोटं कौतुक करू नकोस, मला कळेल. पत्र माझ्या पत्त्यावर पाठव.

बेबी


१४ जून

बेबी,

तू सांगितलंस ते केलं. दहा दिवस लागले. रोज सकाळी चहा झाल्यावर वहिनी खिडकीशी बसून वाचायची, तीन-तीन कविता, प्रत्येक दोनदा. या खेपेला तिनं स्वल्पविरामही वाचले. बाविसावीपाशी तिला पुढे वाचवेना, तेव्हा आम्ही उठलो आणि त्या दिवशी तेवढंच झालं.

पत्र सोबत आहे. अंक छापायला गेला.

एक विचारायचं होतं. मी तुझ्याकडे यावं का? वहिनी घेऊन येईल.

दादा


१४ जून

प्रिय टिल्लू,

तुझ्या सत्तावीस कविता वाचल्या. उत्तराला उशीर झाला. त्याची क्षमा मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, तरी मागतो.

पहिल्या तीन कविता वहीच्या सुरुवातीला ठेवायला नको होत्या. त्या तुझ्या नाहीत. तू चंद्र पाहिला असशील, पण या कवितांमध्ये पाहिलेला नाहीस, ऐकलेला आहे. त्या तीन वाचून मी वही मिटली. चूक तुझी एक, माझी फार मोठी. वाचणाऱ्यानं धीर धरायला हवा असतो.

चौथ्या कवितेपासून तू सायकलच्या दुकानात येतोस आणि तिथे मला तू दिसायला लागलास. पंक्चरवरची कविता लांबली आहे. मधल्या आठ ओळी गेल्या तरी चालतील. (या खेपेला विचारतो आहे, काढू का?) पण तिच्यातली 'ट्यूब पाण्यात धरली की कुठे दुखतं ते तीच सांगते' ही ओळ मी छापली असती. त्या वर्षी माझ्या चार अंकांत मिळून अशी ओळ आली नाही. हे मी तू गेलास म्हणून म्हणत नाही. मी अंक काढून तपासायला लावले.

नववी, बारावी आणि पंधरावी एकच कविता आहे. तिन्ही ठेवू नकोस. यमकासाठी तू 'वारा' आणतोस, तो आणू नकोस, तुझ्या कवितेत हवा टायरमधलीच बरी. एकोणिसावीत 'टकटक्या थांबला तर या घराला उठवणार कोण' अशी ओळ आहे. घड्याळाला घराचा जीव म्हणणं जुनं झालंय, तिथे काही नवं शोध.

बाविसावी कवितेसारखी सजवलेली नाही. तिला हात लावू नकोस. ती जिला लिहिली आहे तिला आधी दाखव, मग माझ्याकडे आण. ही ओळ सांगतानाच वहिनी थांबली आणि मला म्हणाली, हे तुम्ही त्याला तेव्हा म्हणायला हवं होतं. हवं होतं.

एवढ्यावरून तू कवी झाला असतास का, मला सांगता येत नाही. अजून शंभर कविता वाचल्या असत्या तर सांगता आलं असतं. त्या दिवशी मी तुला सांगायला हवं होतं ते एवढंच, लिहीत राहा आणि पुढचं घेऊन ये. पाना चालवणाऱ्याला पेन चालवता येत नाही असं मी बोललो, ते मी कवितेला ओळखत नव्हतो म्हणून.

तुझा,
दादा


५ जुलै

दादा,

दोन्ही पत्रं मिळाली आणि अंकही. बत्तीस पानांचे चाळीस झालेत, शेवटच्या अंकाला तेवढं चालतं. माझी कविता अठराव्या पानावर आहे. वाचली. जिथे थांबते तिथे बरी थांबते.

टिल्लूचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. कुणी नव्हतं. त्याला ते आवडलं असतं. पंक्चरच्या आठ ओळी काढायला तो तयार झाला नसता, भांडला असता तुझ्याशी.

पण एकोणिसावीबद्दल तू चुकलास. टकटक्या म्हणजे घड्याळ नव्हे. आमच्या घरात घड्याळ कधी नीट चाललंच नाही. बाबा सकाळी उठले की आमच्या खोलीच्या दारावर दोन बोटांनी टकटक करत जायचे, कामाला निघेपर्यंत, हाक म्हणून मारायची नाही. आम्ही दोघं पाठीमागे त्यांना टकटक्या म्हणायचो. ते आम्हा दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, आईलासुद्धा. आता ती कविता पुन्हा वाचून घे. ती बाबांवर आहे. पूर्ण बाबांवर आहे. टकटक्या थांबला तर या घराला उठवणार कोण, असं त्यानं लिहिलंय, घर सोडायचं ठरवल्यावर.

तुझा दोष नाही, तुला कळणार कसं? पण बाबांना कळलं असतं. पहिल्या शब्दाला कळलं असतं.

मी पुन्हा लिहायला लागले वगैरे असं काही झालेलं नाही, तशी वाट बघू नकोस. वहिनीशी फोनवर बोलले, तासभर. डोळ्यांत थेंब घालायला तू कटकट करतोस म्हणाली. घालत जा.

येऊ का विचारलंस. एवढ्यात नको. तू जिना चाचपत वर येशील, माझ्या चेहऱ्याच्या बाजूला बघत बोलशील आणि मला तुझी कीव येईल. कीव आली की राग जाईल. तो मला अजून काही दिवस ठेवायचा आहे. बाबांच्या बाजूनं रागवायला इतकी वर्षं कुणीच नव्हतं.

तोपर्यंत पत्र लिहीत जा. मी उत्तर देईन.

बेबी